दारावर चिठ्ठी लावून गेलेले गाव

शाळांना सुट्टी लागण्याची वेळ आली की आपल्याकडील कित्येक घरांत विलायतेच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. एके काळी विलायतेस जाणे ही बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या सधनांची मिरासदारी होती. आज कोणाचा मुलगा तेथील इस्पितळात डॉक्टर आहे, कोणाची सून संगणकाच्या कंपनीत आहे, आणि पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर गेलेल्या गोमंतकीयांनी स्विंडनसारख्या शहरात तर आपली वसाहतच थाटली आहे. साहजिकच आईवडील नातवंडांना भेटावयास जातात, महिना दोन महिने राहतात आणि परत येतात. आल्यावर ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. राजवाडा, घंटाघर, मेणाचे पुतळे आणि टॉवरमधला कोहिनूर. कोहिनूर पाहून आलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावर तो बरोबर आणता आला नाही याची थोडी खंतही दिसते!

इंग्लंडचा समुद्रकिनारा पाहून आलो, असे सांगणारा मात्र विरळा. त्याचे कारणही ऐकण्यासारखे असते. ‘अहो, आमचा जन्म दर्याकाठी गेला, तिकडे जाऊन तो थंडगार समुद्र काय पाहायचा?’ या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. माडांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला उत्तरेकडच्या त्या राखी पाण्याचे अप्रूप वाटू नये, हे समजण्यासारखे आहे. परंतु किनारा म्हणजे नुसते पाणी आणि वाळू नव्हे. किनारा कोणाचा, त्यावर कोणी चालावे, त्यावर कोणी राहावे आणि तो राखावा कोणी, हे प्रश्न आपल्या दारी रोज उभे आहेत. तेच प्रश्न इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहानशा गावाभोवती काही शतके चालत आले असून त्यांची निरनिराळी उत्तरे तेथे एका दिवसाच्या फिरस्तीत पाहावयास मिळतात. म्हणून त्या गावाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

गावाचे नाव वेस्ट ललवर्थ. परगणा डॉर्सेट. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून वेमथकडे जाणारी गाडी सुमारे अडीच तासांत वूल नावाच्या छोट्या स्थानकावर सोडते; तेथून गाव पाचेक मैल. गवताने शाकारलेली काही घरे, एक ओढा, दोनचार खानावळी, आणि रस्ता जेथे संपतो तेथे ललवर्थ कोव्ह हा जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार चिमुकला उपसागर. टॉमस हार्डी ज्यांनी महाविद्यालयात वाचला असेल त्यांना ही जागा अनोळखी वाटणार नाही. ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या १८७४ सालच्या कादंबरीतला सार्जंट ट्रॉय याच कोव्हमध्ये पोहावयास उतरतो आणि बुडाला असे समजले जाते. हार्डीने नाव तेवढे किंचित बदलले.

हा गोल उपसागर झाला कसा, हे समजावून घेण्याजोगे आहे. शहाळ्याच्या शेंड्याला भोक पाडून आतली कोवळी मलई चमच्याने खरवडून घ्यावी, तसे समुद्राने येथे केले आहे. दर्शनी बाजूस पोर्टलंड व पर्बेक या नावांच्या चुनखडकाची कठीण भिंत आहे. तिच्या पाठीमागे मऊ माती आणि वाळूचे थर. त्यांच्याही मागे पांढऱ्या खडूचा उंच डोंगर. आल्प्स पर्वत उभा करणाऱ्या भूहालचालींत हे थर वाकून जवळपास उभे राहिले. ओढ्याने आणि लाटांनी दर्शनी भिंतीला खिंडार पाडले, आत शिरलेल्या पाण्याने मऊ माती भराभर ओढून नेली आणि शेवटी खडूच्या डोंगरापाशी त्याचा वेग मंदावला. तोंड अरुंद आणि पोट मोठे, असा आकार त्यातून झाला. शेजारीच स्टेअर होल नावाची जागा आहे. तेथे हेच कार्य आरंभावस्थेत आहे; लाटांनी भिंतीला भोके पाडली आहेत, माती घसरू लागली आहे, आणि उभ्या कड्यात खडकाचे थर चुरगळलेल्या कापडासारखे दुमडलेले दिसतात. कारखान्यात एकीकडे अर्धवट माल आणि दुसरीकडे तयार माल ठेवावा तसे निसर्गाने हे मांडून ठेवले आहे. लंडनमध्ये सेंट पॉलचे कॅथीड्रल पाहून आलेल्यांनी या पोर्टलंडच्या दगडाला नकळत नमस्कार केलेलाच असतो. त्या मंदिराची शिळा याच किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटातली.

कोव्हच्या पूर्वेस कड्याच्या एका कंगोऱ्यावर अश्मीभूत अरण्य आहे. सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी येथे सुरूच्या जातीची झाडे उभी होती. खाऱ्या पाण्याचे दलदल वर चढले, बुंध्यांभोवती शेवाळाने गाळ धरून जाड कडी तयार केली, लाकूड कुजून गेले आणि कडी तेवढी दगड होऊन राहिली. झाड नाही, पण झाड होते ती जागा आहे. हे पुढे आठवणीत ठेवावे.

पश्चिमेस डोंगर ओलांडून मैलभर गेले की डर्डल डोअर. समुद्रात पाय रोवून उभी असलेली चुनखडकाची कमान. भोक पाडणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव आले. एक्झमथपासून स्टडलंडपर्यंतचा ९५ मैलांचा जो किनारा युनेस्कोने २००१ साली जागतिक वारसा म्हणून मान्य केला, त्याची ही जणू मुद्राच होऊन बसली आहे. साडेअठरा कोटी वर्षांचा भूइतिहास या ९५ मैलांत ओळीने वाचता येतो. पण बहुसंख्य लोक तो वाचावयास येत नाहीत. छायाचित्र काढावयास येतात. उन्हाच्या दिवशी त्या लहानशा पुळणीवर पाय ठेवावयास जागा नसते. ३० मे २०२० रोजी, महामारीचे निर्बंध सैल होताच, अशीच गर्दी लोटली. सुमारे दोनशे फूट उंचीच्या कमानीवरून उड्या घेणारे तिघे जबर जखमी झाले आणि त्यांना नेणारी हेलिकॉप्टरे उतरविण्यासाठी सारी पुळण रिकामी करावी लागली. तेव्हा बेशिस्त ही एकट्या पौर्वात्यांची मक्तेदारी आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो सोडावा.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांच्या ध्यानी यावी. ही कमान, ही पुळण, हा कोव्ह सरकारी मालकीचा नाही. तो वेल्ड नावाच्या जमीनदार घराण्याचा आहे. या घराण्याने १६४१ साली ही जहागीर विकत घेतली आणि ती आजतागायत त्यांच्याकडे आहे. वाहनतळाचे पैसे तेच घेतात. आपल्या गोमंतकी बोलीत सांगावयाचे तर जागा भाटकाराची. आणि तरीही भाटकाराला कुंपण घालून किनारा बंद करता येत नाही, कारण कड्याच्या काठाने जाणारी पायवाट सर्वांची आहे. ही वाट मुळात पडली ती चोरटा माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांच्या पायांनी. प्रत्येक खाडीत डोकावून पाहावयाचे म्हणून ती काठाकाठानेच गेली. पुढे पहारेकरी गेले, वाट राहिली. १९४९ च्या कायद्याने परगण्यांच्या मंडळांवर अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली. २००९ च्या कायद्याने साऱ्या इंग्लंडच्या किनाऱ्यावर चालण्याचा हक्क देण्याचे ठरले. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंतची ६३० मैलांची वाट ललवर्थच्या अंगणातून जाते. नकाशावर एकदा उमटलेली पायवाट मालकाच्या लहरीने पुसली जात नाही. आपल्याकडे समुद्रावर जाण्याच्या पूर्वापार वाटा नव्या हॉटेलच्या भिंतीमागे एका रात्रीत नाहीशा होतात, त्या कोणत्या नकाशावर होत्या, असा प्रश्न या ठिकाणी मनात आल्याखेरीज राहत नाही.

गावाच्या पूर्वेस, ईस्ट ललवर्थमध्ये, वेल्डांचा किल्ला आहे. किल्ला हे नाव मोठे. वस्तुतः सतराव्या शतकारंभीचा तो शिकारीचा वाडा. १९२९ साली आगीत आतून जळून गेला, पुढे डागडुजी होऊन बाहेरचा सांगाडा सावरला गेला. वाड्याहून आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आवारातील लहानसे प्रार्थनागृह. वेल्ड घराणे कॅथलिक. ज्या काळी इंग्लंडात कॅथलिकांना उघडपणे देवालय बांधण्यास कायद्याने मज्जाव होता, त्या काळी, १७८६ साली, टॉमस वेल्डने हे बांधावयास घेतले. तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला, ‘बाहेरून थडगे दिसेल असे बांध, आत काय मांडतोस ते मी पाहणार नाही,’ अशा अर्थाची मुभा दिल्याची आख्यायिका आहे. खरोखरच बाहेरून ती इमारत बागेतल्या घुमटीसारखी दिसते. अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरल यांना दीक्षा येथेच मिळाली. ती तारीख १५ ऑगस्ट १७९०. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात आपले देव रातोरात नदीपार नेले, त्या आमच्या वाचकांना या घुमटीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे गांजले गेले ते येथे गांजणाऱ्यांचेच धर्मबांधव होते, हा इतिहासाचा विनोद मात्र घटकाभर थांबून पाहण्याजोगा आहे. सत्ता कोणाच्या हाती आहे यावर धर्माची सहिष्णुता किती अवलंबून असते, हे तेथे दगडात कोरलेले आहे.

अंतर थोडे अधिक आहे, पण वेळ असेल तर कॉर्फचा किल्लाही पाहावा. नॉर्मन राजांनी बांधलेला हा दुर्ग इंग्लंडच्या यादवी युद्धात लेडी मेरी बँक्स या बाईने राजपक्षातर्फे लढविला. १६४६ साली तो पडला तो आतल्याच एका अधिकाऱ्याच्या फितुरीने. आपल्या इतिहासात अशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. पार्लमेंटने मग सुरुंग लावून तो उडविला. कलंडलेले बुरूज आजही तसेच अर्धवट पडत्या अवस्थेत थबकले आहेत, आणि खालच्या गावातली घरे त्याच्याच चिऱ्यांनी उभारलेली आहेत. १९८१ मध्ये बँक्स घराण्याच्या वारसाने मृत्युपत्राने तो नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला. या गावावरून स्वानेजला जाणारी आगगाडी सरकारने १९७२ साली बंद करून रूळही उखडले होते. ते हौशी लोकांनी श्रमदानाने पुन्हा घातले आणि १९९५ मध्ये वाफेची गाडी कॉर्फला आणून उभी केली. सरकारने उखडलेले रूळ लोकांनी पुन्हा घालण्याची ही चिकाटी आपण घेण्यासारखी आहे.

परंतु येथवर जे सांगितले ते प्रवासाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल. आम्हाला वाचकांना न्यावयाचे आहे ते टाईनमला. ललवर्थहून पूर्वेकडे, डोंगरांच्या दोन रांगांमधल्या खोऱ्यात, हे गाव आहे. म्हणजे होते.

१९४३ च्या नोव्हेंबरात टाईनम आणि आसपासच्या वस्त्यांतील घरोघर युद्धखात्याची पत्रे आली. रणगाड्यांच्या सरावासाठी हे खोरे हवे आहे, तरी गाव रिकामे करावे. मुदत जेमतेम महिन्याभराची. जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्सवर उतरण्याची तयारी चालू होती. सबब खोटी नव्हती. १९ डिसेंबरपर्यंत, नाताळच्या तोंडावर, सव्वादोनशेच्या आसपास माणसे निघून गेली. शेतकरी गेले, वर्बॅरोच्या उपसागरात बांगडे मारणारे मासेमार गेले. जाताना देवळाच्या दारावर कोणी एक चिठ्ठी लावली. घरांना आणि देवळाला जपा, पिढ्यान्‌पिढ्यांची ही घरे आम्ही स्वातंत्र्याच्या युद्धासाठी दिली आहेत, एक दिवस आम्ही परत येऊ आणि गाव सांभाळल्याबद्दल तुमचे आभार मानू, असा तिचा आशय होता. त्या चिठ्ठीत तक्रारीचा शब्द नाही. लष्करावर त्या माणसांचा विश्वास होता.

युद्ध १९४५ साली संपले. गावकऱ्यांना कोणी बोलावले नाही. १९४८ मध्ये लष्कराने सक्तीच्या खरेदीने ती सारी जमीन कायमची आपल्याकडे घेतली. आंदोलने झाली, अर्ज झाले. १९७० नंतर लष्कराच्या ताब्यातील जमिनींचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने ललवर्थचे गोळीबाराचे मैदान हलवावे अशी शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. १९७५ पासून इतकेच झाले की गोळीबार नसेल त्या दिवशी लोकांना तेथे जाण्याची मुभा मिळाली. गावकऱ्यांना राहावयास नव्हे, कोणालाही पाहावयास.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. लष्कराने गाव घेतले, त्याचबरोबर बिल्डरालाही बाहेर ठेवले. त्या हजारो एकरांत बंगले उठले नाहीत, रासायनिक खते पडली नाहीत, हॉटेल झाले नाही. इतरत्र दुर्मीळ झालेली रानफुले, पक्षी, फुलपाखरे तेथे सुखाने नांदतात. ललवर्थचेच नाव लागलेले एक भुऱ्या-केशरी रंगाचे फुलपाखरू १८३२ साली डर्डल डोअरपाशी प्रथम ओळखले गेले. तेही या टेकड्यांवर आहे. तोफांच्या छायेत निसर्ग सुरक्षित राहिला, हे विचित्र सत्य नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय टाईनम हे काही भरभराटीचे गाव नव्हते. तेथली शाळा मुले नाहीत म्हणून १९३२ मध्येच बंद पडली होती. गाव राहिले असते तर आज त्याचे काय झाले असते? शेजारच्या किनारी गावांकडे पाहून उत्तर देता येते. लंडनच्या धनिकांनी सुट्टीपुरती घरे घेऊन ठेवली आहेत, हिवाळ्यात खिडक्या अंधारलेल्या, आणि तेथे जन्मलेल्या तरुणाला भाड्याचेही घर परवडत नाही. डॉर्सेटच्या मंडळाने एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर बसविला तो उगाच नव्हे. लष्कराने टाईनम एका महिन्यात रिकामे केले. पैसा तेच काम तीस वर्षांत करतो आणि त्याला कोणी चिठ्ठी लावून जात नाही.

असे असूनही टाईनमच्या बाबतीत झाला तो अन्याय निसर्गाच्या नावाने माफ करावयास आम्ही तयार नाही. त्याचे मर्म नुकसानभरपाईच्या हिशेबात आहे. जमीन बाँड घराण्याची, गावकरी बहुतेक सगळे त्यांची कुळे. मालकाला जमिनीची किंमत मिळाली. कुळांना मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची! ज्या घरात आजा जन्मला आणि वारला, त्या घरावर कागदोपत्री त्यांचा काडीचा हक्क नव्हता. आणि ज्याचा कागद नाही त्याचे नुकसान सरकारदरबारी होऊच शकत नाही. स्वातंत्र्यासाठी घर द्या असे ज्यांना सांगितले, ते घर त्यांचे नव्हतेच, असे त्यांना नंतर कळले. गोव्याच्या विधानसभेने १९७५ साली मुंडकारांना घरातून काढता येऊ नये यासाठी कायदा केला. टाईनमचे फाटक प्रेक्षकांसाठी उघडले तेच वर्ष. आपल्या मुंडकारांचे कित्येक दावे मामलेदारांच्या कचेरीत किती काळ पडून असतात, हे वाचक जाणतातच. कायदा झाला म्हणजे कागद हाती आला असे होत नाही. किनाऱ्यावरच्या जमिनीला सोन्याचा भाव आला असताना हा कागद हाती नसणे किती धोक्याचे आहे, ते टाईनमला जाऊन पाहावे.

ललवर्थच्या त्या दहाबारा मैलांत जमीनदाराची जमीन टिकली, लष्कराचे मैदान टिकले, चालणाऱ्याची पायवाट टिकली, फुलपाखरूसुद्धा टिकले. नाही टिकला तो तेथे राहणारा मनुष्य. त्याच्या नावाने ना सातबारा होता, ना नकाशावर रेघ.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. टाईनमचा रस्ता बहुतेक शनिवार-रविवारी आणि ऑगस्टात खुला असतो; खुल्या दिवसांचे वेळापत्रक आधी पाहून निघावे. टेकडीवर लाल बावटा चढलेला दिसला तर परत फिरावे. पिवळ्या खुणांच्या आतूनच चालावे, कारण गवतात न फुटलेले तोफगोळे अद्याप आहेत. घरांची छपरे गेली आहेत, चुली भिंतीत दिसतात. देऊळ आणि शाळा मात्र नीट राखलेली आहेत. शाळेत बाके आहेत, निसर्गाभ्यासाच्या वह्या उघड्या ठेवल्या आहेत, आणि दाराशी भिंतीवर मुलांचे कोट अडकविण्याच्या खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर मुलाचे नाव लिहिलेले आहे.